एका दिवसात ४१ वेळा ‘बाळ’

दादाचा फोन आला तेव्हा धाकटा पंधरा दिवसांचा होता. “थोरली चावायला लागलीय गं,” एवढंच म्हणाला आणि गप्प बसला. मागे कुणीतरी रडत होतं. दोघांपैकी कोण, ते मला फोनवर ओळखता आलं नाही.

मी चौदा वर्षं बालवाडीत शिकवतेय, त्यामुळे चावरी मुलं मला नवी नाहीत. दोन वर्षांच्या पोराला शब्द अपुरे पडले की दात पुढे येतात. बाळाच्या सतराव्या दिवशी मी दादाकडे पोचले आणि बासष्टाव्या दिवशी निघाले. मधल्या दिवसांत जे झालं ते लिहून काढ, असं वहिनीच म्हणाली. अट एकच, नावं येता कामा नयेत. म्हणून इथे थोरली, धाकटा, दादा, वहिनी आणि आजी, म्हणजे माझी आई, एवढीच माणसं आहेत.

मी पोचले तेव्हा

थोरलीचं वय २ वर्षं ४ महिने, वजन बारा किलो. चार-चार शब्दांची वाक्यं बोलायची. बाळ व्हायच्या दोन महिने आधी तिचं डायपर सुटलं होतं आणि घरात त्याचं फार कौतुक होतं. सकाळी पाळणाघर, दुपारी आईला चिकटून दीड तास झोप, संध्याकाळी आईच्या हातची आंघोळ, रात्री दोघांच्या मधोमध झोपणं, असा तिचा दिवस होता.

प्रसूतीच्या आठ दिवस आधी तिला आजीच्या खोलीत झोपवायला लागले. बाळ आल्यावर एकदम धक्का नको, हा त्यामागचा विचार. मग सिझेरियन झालं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी वहिनीला बजावलं, म्हणजे थोरलीला उचलणं बंद. आंघोळ बाबाकडे गेली. पाळणाघरातली सर्दी घरात यायला नको म्हणून पाळणाघरही थांबवलं. दुपारी आईच्या शेजारी आता बाळ असायचं, त्यामुळे ही तिथे झोपेना आणि दुसरीकडे तिला झोप येईना.

यातला एकही निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तरी ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावं लागतं, तेव्हा सर्दीला घाबरणं साहजिकच होतं. पण बिछाना, आंघोळ, पाळणाघर, दुपारची झोप आणि आईचं कडेवर घेणं, या पाच गोष्टी एका महिन्याच्या आत गेल्या. कुणी एकानं ठरवून काढून घेतल्या नव्हत्या. प्रत्येकानं आपापला एक शहाणपणाचा निर्णय घेतला होता, आणि बेरीज कुणीच केली नव्हती.

तक्रारी दादानं मला पहिल्याच रात्री सांगितल्या. आईच्या दंडाला चावते, हातात येईल ते फेकते, पुन्हा चड्डीत शू करते, रात्री दोन-तीनदा उठते, आणि बाळाकडे बोट दाखवून “परत नेऊन ठेव” म्हणते. आजीचं निदान तयार होतं. “हेवा वाटतोय तिला. वाटणारच. जरा दुर्लक्ष करा, येईल ताळ्यावर.”

खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं.

उशी

एकोणिसाव्या दिवशी दुपारी धाकटा कठड्याच्या कॉटमध्ये झोपला होता. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, पण कपड्यांच्या घड्या घालत होते. थोरली आली, कॉटच्या गजांतून हात घालून तिनं आपली लहानगी उशी आत सरकवली. उशी बाळाच्या गालाला लागली. तिनं ती आणखी पुढे लोटली, पार नाकापर्यंत.

मी उशी ओढून काढेपर्यंत दारातून आजी ओरडली, दादा धावत आला, वहिनी पलंगावरून उठताना कळवळली, बाळ दचकून रडायला लागलं. चौघंही एकदम तिच्यावर. ती मागे सरकत भिंतीला टेकली आणि तिनं स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला.

लहान बाळाची कॉट रिकामी हवी, हे सगळ्यांना माहीत होतं. पाठीवर झोपवायचं, गादी सपाट आणि घट्ट, आत उशी नाही, सैल पांघरूण नाही, मऊ खेळणं नाही. त्याबाबत तडजोड नव्हती आणि नंतरही केली नाही. त्या दिवसापासून कॉट भिंतीच्या कोपऱ्यात गेली आणि दोघं एका खोलीत असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर राहील, असं ठरलं. घड्या घालत बसणं हे लक्ष ठेवणं नव्हे, हे मी चौदा वर्षांच्या अनुभवानंतर शिकले.

पण रात्री आजीच्या खोलीत गेले तर थोरली उशीशिवाय झोपली होती. ती उशी तिला झोपताना लागतेच. ती नसली तर घर डोक्यावर घेते, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. दुपारी ती तिनं बाळाला दिली होती, आणि नंतर कुणाकडे मागितली नव्हती. शेजारी तिची बाहुली होती. बाहुलीच्या तोंडावर एक रुमाल, अगदी नाकापर्यंत ओढलेला.

दोन वर्षांच्या मुलीच्या मनात काय होतं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. मात्र ‘हेवा’ हा शब्द मला त्या रात्री पुरेना.

वही

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. विसावा ते अठ्ठाविसावा, असे नऊ दिवस. चावणं, मारणं, फेकणं, ओचकारणं, यातलं काही झालं की वेळ लिहायची, कुणाच्या बाबतीत ते लिहायचं, आणि त्याआधीच्या मिनिट-दोन मिनिटांत कोण काय बोललं तेही. तिसरा रकाना सगळ्यात त्रासाचा, कारण आपण काय बोललो ते आपल्याला आठवतच नाही. वर्गात मी हे नेहमी करते. घरच्या माणसांवर करताना मात्र जरा चोरट्यासारखं वाटत होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं.

नऊ दिवसांत २६ प्रसंग झाले. त्यातले १४ आईच्या वाट्याला, ५ बाबाच्या, ४ वस्तूंच्या आणि बाहुलीच्या. बाळाच्या वाट्याला ३. त्या तिनातही दोन वेळा ती बाळाला नुसतं हलवून उठवू बघत होती.

वेळेचा रकाना पाहिला तर १७ प्रसंग संध्याकाळी पाच ते आठच्या मधले. याचं अर्धं उत्तर सोपं होतं. दिवसभराची मिळून तिची झोप साडेनऊ तासांवर आली होती. एक-दोन वर्षांच्या मुलाला अकरा ते चौदा तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप लागते. ही मधल्या वयाची, आणि कुठल्याही हिशेबात कमी पडत होती. संध्याकाळ होईपर्यंत तिच्यात काही उरतच नव्हतं. नेमक्या त्याच वेळी धाकट्याचंही रडणं चढायचं. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी मांडल्या होत्या. त्यात सर्वसाधारण बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत चढून मग उतरणीला लागतं. जोर बहुधा संध्याकाळीच. आमचं बाळ त्या चढावर होतं. संध्याकाळी ते तासातासाला, कधी अर्ध्या तासालाही प्यायला मागायचं, आणि वहिनी पाच ते आठ जवळजवळ एकाच जागी बसून असायची. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे या वयात नेहमीचंच आहे. एका वेळेला अर्धा तास धरला आणि दहा वेळा म्हटलं तरी पाच तास झाले.

तिसरा रकाना मी अठ्ठाविसाव्या दिवशी रात्री मोजायला घेतला. २६ पैकी १९ प्रसंगांच्या आधी कुणीतरी तिला ‘नको’, ‘थांब’ किंवा ‘हळू’ म्हटलं होतं. ते काही विशेष नाही, दोन वर्षांच्या मुलांना आपण दिवसभर तेच म्हणत असतो. पण त्या १९ वाक्यांपैकी १५ वाक्यांत आणखी एक शब्द होता.

बाळ झोपलंय, ओरडू नको. बाळ पितंय ना, थांब. बाळाला सर्दी होईल, हात धू. बाळाला लागेल, तिकडे खेळ. आईला आता उचलता येत नाही, बाळ झालंय ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मी एवढंच मोजलं. तिला दिलेल्या नकाराला किती वेळा बाळाचं नाव जोडलं गेलं? ४१ वेळा. आजी १६, दादा ११, वहिनी ९, आणि मोजणारी मी स्वतः ५.

आठ किलोंचा फरक असलेल्या दोन जिवांची ओळख आपण अशी करून दिली होती. बाळ तिला अजून काहीच करत नव्हतं. ते फक्त प्यायचं, झोपायचं, रडायचं. पण घरातला प्रत्येक नकार त्याच्या सहीनं निघत होता. “परत नेऊन ठेव” यात मला आता हेव्यापेक्षा हिशेब जास्त दिसायला लागला.

काय बदललं, आणि माझी एक चूक

जेवणं झाल्यावर आकडे सांगितले. दादा हसला, मग हसायचा थांबला. आजीला राग आला. “म्हणजे आता पोरीला नाही पण म्हणायचं नाही का?”

नाही म्हणायचं होतं, तेवढंच. फक्त बाळाच्या खांद्यावरून म्हणायचं नव्हतं. बाळ पाजताना “माझे हात गुंतलेत, हे गाणं संपलं की तू.” हात धुवायचे ते बाळासाठी नाही, तर बाहेरून आलं की या घरात सगळे हात धुतात म्हणून; मग दादालाही तिच्यादेखत धुवावे लागले, जे तो आधी धुवत नव्हता. ओरडायचं असेल तर गच्चीत ओरडायचं, आणि कुणीतरी तिच्याबरोबर जाऊन ओरडायचं. हे काम दादानं आनंदानं केलं.

उचलण्याबद्दल वहिनीनं खरं ते सांगितलं. पोटावरची पट्टी दाखवली, म्हणाली, “इथे शिवलंय. म्हणून उचलता येत नाही. पण मी पलंगावर बसते, तू चढून ये.” थोरलीनं पट्टीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “कुणी फाडलं?” आजी पटकन म्हणणार होती, बाळ त्यातून, वगैरे. मी आजीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, “डॉक्टरांनी. आणि त्यांनीच शिवलं.” तेवढं उत्तर पुरलं.

उलटी बाजूही केली. तिच्यासाठी बाळाला थांबवायचं, आणि ते तिला ऐकू जाईल असं बोलायचं. “बाळा, थांब जरा. हिची चप्पल घालून होऊ दे.” धाकट्याला काय, तो तसाही रडतच होता. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा थोरली चपलेचा पट्टा हातात धरून दादाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाळ पण थांबतं?”

माझी चूक झाली ती उत्साहात. मी नियम जरा जास्तच कडक केला. थोरलीसमोर बाळाचा विषयच नको, असं काहीसं मी म्हटलं असणार, कारण तीन दिवस घरात विचित्र शांतता होती. माणसं बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन लाड करत होती. चौथ्या दिवशी थोरलीच मला म्हणाली, “बाळ कुठे गेलं? बोलत का नाही कुणी?”

केंब्रिजमध्ये ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबं दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून पाहिली होती. जिथे आया पहिल्याच आठवड्यांत थोरल्याशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत, म्हणजे त्याला काय हवं असेल, काय आवडत नसेल, असं, तिथे वर्षभरानंतर भावंडांचं जास्त बरं जमलेलं दिसलं. हे मी बालवाडीच्या पालकसभेत दरवर्षी सांगते. घरी विसरले. कारण म्हणून बाळ नको होतं, पण माणूस म्हणून हवंच होतं.

मग आम्ही तिलाच विचारायला लागलो. तो का रडत असेल? तिची उत्तरं वहीत आहेत. “त्याला खाली उतरायचंय.” “त्याला दिवा नको.” “त्याला बाबाचा शर्ट टोचतो.” शेवटचं खरं निघालं, खिशाला पेन होतं. एवढ्या लहान बाळाला साधारण वीस-तीस सेंटिमीटरवरचं तेवढं बरं दिसतं, म्हणून मी तिला माझी वीत लावून दाखवली. इथे तोंड आणलंस की तू त्याला दिसतेस, याच्या मागे गेलीस की धूसर. तेव्हापासून ती आपली वीत लावून बघायची. तिची वीत माझ्या निम्मी, त्यामुळे तोंड जवळजवळ बाळाच्या नाकावर, आणि आमचे हात मधे.

‘ताई’ म्हणणं सोडून दिलं. दादा आणि आजी बाळ जन्मल्या दिवसापासून “तू आता मोठी ताई” म्हणत होते, डायपर आणून दे, शाबास ताई. ती दोन दिवस धावत आणून द्यायची आणि तिसऱ्या दिवशी डायपर जमिनीवर टाकून म्हणायची, “मी नाही मोठी. मी पण बाळ.” तेव्हा दादानं तिला बाळाच्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेऊन झुलवलं. पाय गुडघ्यापासून खाली लोंबत होते. आजी म्हणाली, सवय लागेल. नऊ दिवस रोज ते मागितलं, दहाव्या दिवशी विसरली. चड्डीत शू होत होती त्यावरही हेच केलं, रागलोभ न करता डायपर पुन्हा चढवलं. ते सुटायला पुढे दोन महिने लागले, आणि यात आजीचं माझ्याशी अजूनही पटत नाही.

अकरा क्लिपा

आईबरोबर एकटीचा वेळ, ही सूचना सगळेच करतात. आम्हीही केली आणि ती पहिल्यांदा सपशेल फसली. रोज संध्याकाळी सहा वाजता पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. चारपैकी तीन दिवस मधेच बाळ उठलं आणि वहिनी उठून गेली. न दिलेल्या पंधरा मिनिटांपेक्षा तोडलेली पंधरा मिनिटं वाईट निघाली. त्या तिन्ही संध्याकाळी ती चावली.

संध्याकाळची वेळ निवडणं हाच वेडेपणा होता, वही माझ्याच हातात असून. मग सकाळी पाहिलं. पहाटेचं दूध पिऊन धाकटा साडेसहाच्या सुमारास गाढ झोपायचा, दादा त्याला घेऊन बाहेर बसायचा, आणि थोरली आईकडे पलंगावर चढायची. दहा मिनिटं. काय करायचं ते ती ठरवणार. तिनं रोज एकच ठरवलं, क्लिपांचा डबा. आईच्या केसांत एकेक क्लिप लावायची, अकरा होत्या, मग सगळ्या काढायच्या, डब्यात भरायच्या, झाकण लावायचं. झाकण लागताना टक् आवाज यायचा. तो आला की ती स्वतःच खाली उतरायची. एकदाही उतरताना रडली नाही. शेवट तिच्या हातात होता म्हणून असेल.

पाळणाघर पुन्हा सुरू केलं, अर्धा वेळ. दुपारी आजी तिच्या शेजारी आडवी व्हायला लागली आणि आजीला आधी झोप लागली तरी हरकत नव्हती. रात्री आई-बाबांच्या पलंगाशेजारी जमिनीवर तिची गादी आली.

बेचाळिसाव्या दिवशी वहिनीची सहा आठवड्यांची तपासणी होती. मी बरोबर गेले. टाके पाहिले, बाळाचं वजन पाहिलं, रोजचे वीस-तीस ग्रॅम नीट वाढत होते. सगळं छान. निघताना डॉक्टरांना वहिनीच्या मानेजवळ एक पिवळी क्लिप दिसली, सकाळी काढायची राहून गेलेली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मुलं दोन्ही उत्तम आहेत. तुम्ही कशा आहात?”

वहिनीनं तोंड उघडलं आणि तिला बोलता येईना. ती क्लिप काढून मुठीत धरून रडत राहिली, पुष्कळ वेळ.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, उदास वाटणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. सहा आठवडे झाल्यावर ते तसंच असेल तर ते वेगळं. डॉक्टरांनी तिला दहा प्रश्नांचा कागद भरायला दिला. एडिंबरामध्ये जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली तयार केलेली ही प्रश्नावली आहे. मागच्या सात दिवसांबद्दल विचारते, एकूण ३० गुण, दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. १३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करायचीच, असा संकेत आहे. कागद म्हणजे निदान नव्हे. वहिनीचे १४ आले. दहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीच नाही’ होतं, तेवढ्यानं माझा श्वास सुटला.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाळासाठी जेव. बाळासाठी झोप. बाळासाठी पाणी पी. रडू नकोस, बाळाला लागतं. सहा आठवडे झाले, माझ्यासाठी म्हणून मी काय केलं गं?”

माझ्या पिशवीत वही होती. ४१ वेळा मोजताना मी वहिनीला बोलणाऱ्यांच्या रकान्यात टाकलं होतं. ऐकणाऱ्यांच्या रकान्यात फक्त थोरली होती. आणि त्या पंधराव्या दिवशी फोनवर मागे कोण रडत होतं, ते मी तेव्हा विचारलं. वहिनीच.

तिचं समुपदेशन सुरू झालं, आठवड्यातून एकदा. डॉक्टरांनी झोपेकडे लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा काढलेल्या दुधाचा एक पाजा दादानं घेतला आणि रात्री नऊ ते एक वहिनीला सलग मिळायला लागलं. आजीला मी काही सांगायच्या आत तिनंच भाषा बदलली. ताट समोर ठेवून म्हणाली, “भूक लागली असेल तुला.” बाळाचं नाव नाही.

दुसरी वही

बावन्न ते साठ, पुन्हा नऊ दिवस. या वेळी ११ प्रसंग, त्यातले संध्याकाळचे ६. बाळाचं नाव घेऊन दिलेले नकार एका दिवसाला ४१ वरून १२ वर. त्यातले ५ पुन्हा माझे, ही नोंद प्रामाणिकपणे करते.

आता हे कशामुळे, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे दोन थोरल्या हव्यात. याच काळात तिची झोप साडेअकरा तासांवर गेली. आईचे टाके भरले, ती उभ्यानं नाही तरी बसून कुशीत ओढायला लागली. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याचा घाट ओलांडून उतरायला लागलं होतं. पाळणाघर सुरू झालं. आणि काहीच केलं नसतं तरी बऱ्यापैकी निभावलं असतं, हीही शक्यता आहे. मिशिगन विद्यापीठात ब्रेंडा व्हॉलिंग यांनी २४१ कुटुंबांचा गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून बाळ वर्षाचं होईपर्यंत मागोवा घेतला. त्यात बहुतेक थोरली मुलं या बदलाला सरावताना दिसली. मोठी घसरण थोड्यांचीच. दादाला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याची झोप तेवढी वाचली असती.

पण वहीमुळे वहिनी दिसली, तीही उशिरा, हे खरं आहे. निदान पुढच्या वेळी कुणाच्या घरी वही घातली तर रकाने किती हवेत ते मला कळलंय.

रात्रीचं उठणं सुटलं नाही. अजून एकदा तरी उठते, गादीवरून हात वर करून आईचा हात आहे का बघते, आणि झोपते. याचं आम्ही काही केलं नाही.

धाकटा साडेतीन महिन्यांचा असताना मी दोन दिवसांसाठी पुन्हा गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते. वहिनी केस विंचरत होती, बाळ चटईवर हातपाय झाडत रडायला लागलं. थोरली क्लिपांचा डबा घेऊन त्याच्यासमोर बसली, वीत लावली, तोंड जवळ नेलं आणि बजावलं, “थांब. आईचे हात गुंतलेत.” तो क्षणभर तिच्याकडे बघत थांबला. मग आणखी जोरात भोकाड पसरलं.

तिनं माझ्याकडे बघून हात झटकले. “ऐकतच नाही हा!”